हवेचा खोकला आणि बाटलीचा खोकला

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. बहिणीचा मुलगा २२ वर्षांचा, मुंबईत गोवंडीला, देवनारच्या कचराभूमीशेजारी राहतो, बाइकवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. दोन वर्षं खोकतोय. मागच्या आठवड्यात पोटमाळा आवरताना जुन्या सॅकमध्ये खोकल्याच्या औषधाच्या ३१ रिकाम्या बाटल्या निघाल्या. विचारलं तर म्हणाला, "मावशी, इथली हवा बघ, डम्पिंगचा धूर बघ. औषधच पितोय ना, दारू तर नाही?" त्याच्या वडिलांचं म्हणणं, ही सगळी थेरं आहेत, दोन फटके देऊन सावंतवाडीला गावी नेऊन ठेवायचा, आपोआप सुटेल. बहिणीचं म्हणणं, पोराची छाती खरंच खराब झालीय, त्याला टोचून बोलू नका. आणि तुम्ही विचारताय, यातलं खरं काय मानायचं.

मी छातीच्या विकारांची डॉक्टर. पूर्व उपनगरांत पंचवीसेक वर्षं ओपीडी करते आहे. तुमच्या भाच्याला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याला दमा आहे की क्षय, आणि व्यसन कितपत मुरलंय, हे इथे बसून सांगणं बरोबर होणार नाही. पण अशी मुलं इतकी पाहिली आहेत की नजर कुठे ठेवायची ते नक्की सांगू शकते. तो तुमच्याशी खोटं बोलतोय असं मी धरून चालणार नाही. हवा खराब असली की नाकाडोळ्यांतून पाणी येतं आणि बाटली घेतली की थांबतं, हा त्याचा रोजचा अनुभव असणार. अडचण अशी की अफूच्या जातीचं औषध अंगवळणी पडल्यावर ते वेळेवर मिळालं नाही, तरीही नाकाडोळ्यांतून अगदी तसंच पाणी येतं. म्हणून हवा की व्यसन असं घरात भांडत बसण्यापेक्षा कुठलं लक्षण कुणाचं हे वेगळं काढता आलं पाहिजे. ते बऱ्याच अंशी घरीही जमतं.

आधी बाटलीचं बघू. लेबल शाबूत असेल तर बारीक अक्षरं वाचा. कोडीन फॉस्फेट आणि क्लोरफेनिरामाइन मॅलिएट ही दोन नावं असतील, तर मी पुढे लिहितेय ते तुमच्यासाठी आहे. कोडीन हे अफूतलं द्रव्य. यकृतात त्याच्या काही भागाचं मॉर्फिन होतं. मेंदूतलं खोकल्याचं केंद्र ते दाबतं, शिवाय ऊब आणतं, काळजी विसरायला लावतं. दिवसभर ट्रॅफिकमध्ये हॉर्न आणि शिव्या खाणाऱ्या पोराला ही ऊब किती हवीशी वाटत असेल याची कल्पना करा. क्लोरफेनिरामाइन हे सर्दीचं, गुंगी आणणारं औषध.

आता हिशोब. या सिरपमध्ये साधारणपणे ५ मिलीत १० मिलिग्रॅम कोडीन आणि ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन असायचं. म्हणजे १०० मिलीच्या एका बाटलीत २०० मिलिग्रॅम कोडीन. खोकल्यासाठी मोठ्या माणसाला दिवसभरात १२० मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नसतं. एक अख्खी बाटली म्हणजे मर्यादा ओलांडली, आणि सवय लागलेली मुलं दिवसाला तीन-चार सहज संपवतात. चार बाटल्यांत क्लोरफेनिरामाइनच ३२० मिलिग्रॅम होतं, जे एरवी दिवसाला २४ च्या पुढे देत नाहीत. इतक्या मात्रेत त्याने झटके येऊ शकतात. बाइक चालवणाऱ्या मुलाच्या बाबतीत मला कोडीनइतकीच त्याचीही धास्ती वाटते. वर सगळं साखरेच्या पाकात घोळलेलं. अशा मुलांचे दात बघा, हिरडीलगत काळे पडून झिजलेले असतात.

हे औषध रोज घेणाऱ्याला ते चुकलं की आठ-दहा तासांत त्रास सुरू होतो. नाक गळतं, डोळ्यांना पाणी, शिंका, एकामागून एक जांभया, अंगावर काटा, पिंडऱ्या आणि कंबर ठणकणं, पोटात मुरडा, जुलाब, झोप उडणं. नाकातलं पाणी घशात उतरलं की खोकलाही आलाच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे शिगेला पोचतं आणि आठवड्याभरात ओसरतं. झोपेची तक्रार आणि बेचैनी मात्र पुढे कितीतरी दिवस राहते. यातली पहिली तीन लक्षणं वाचा आणि सांगा, कुठला फॅमिली डॉक्टर याला धुळीची ॲलर्जी म्हणणार नाही?

मीही म्हटलंय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत जरीकाम करणारा एक तरुण माझ्याकडे दर आठ दिवसांनी यायचा. कोंदट खोली, वर धागे-धूळ, शेजारी कचरा जळतोय, त्यामुळे खोकल्याला कारण समोरच दिसत होतं. एक्स-रे स्वच्छ, श्वासाची चाचणीही जवळपास ठीक. तरी मी सिरप लिहून देत राहिले, जवळजवळ वर्षभर. एका संध्याकाळी दवाखान्यातली वीज गेली. मी बॅटरी घेऊन त्याचा घसा बघायला वाकले आणि नजर डोळ्यांवर गेली. खोली अंधारी होती, बाहुल्या मोठ्या व्हायला हव्या होत्या. त्याच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होत्या. वर्षभर मी त्याची छाती ऐकत होते आणि चेहरा बघत नव्हते. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा विचारलं, "दिवसाला किती लागतात?" तो लगेच म्हणाला, "तीन." कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून चार गोष्टी मी प्रत्येकाला विचारते. त्या तुम्हाला देते.

पहिली, घड्याळ. हवेचा त्रास जागेवर ठरतो. सिमेंटच्या गाड्यांमागून गेला, कचरा पेटला, पहाटे धुरकं साचलं की वाढतो. त्यातून बाहेर पडला की तासा-दोन तासांत थोडा तरी हलका होतो. बाटलीचा त्रास शेवटचा घोट कधी घेतला त्यावर ठरतो, मग तो कुठेही बसलेला असो. दहा दिवस एका वहीत तीन रकाने लिहा: किती वाजता नाक-खोकला सुरू झाला, तेव्हा तो कुठे होता, आणि बाटली कधी घेतली. जमलं तर त्यालाच लिहू द्या. मुलं स्वतः लिहितात तेव्हा पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनाच रेघ दिसायला लागते.

दुसरी, गणपती. हा प्रश्न मी कोकणातल्या प्रत्येक घराला विचारते. गावी गेल्यावर काय होतं? भाद्रपदात सावंतवाडीची हवा पावसाने धुतलेली असते. हवेमुळेच खोकला असेल तर तिथे दोन-तीन दिवसांत आराम पडायला हवा. एका आईने मला सांगितलं होतं, "ह्याला गावची हवापालट सोसत नाही हो. दुसऱ्याच दिवशी सर्दी होते, सगळे आरतीला उभे आणि हा पांघरूण घेऊन आत पडलेला. ताप मात्र नसतो. दोन दिवस पोट बिघडतं. मुंबईला आला की एका दिवसात ठणठणीत." ज्या मुलाला स्वच्छ हवेत सर्दी होते आणि देवनारच्या धुरात बरं वाटतं, त्याला हवापालट नव्हे, बाटली चुकलेली सोसत नसते. तुमच्या बहिणीला मागचे दोन गणपती आठवून बघायला सांगा.

तिसरी, ऋतू. मुंबईची हवा जूनपासून सप्टेंबरपर्यंत वर्षातली सर्वात चांगली आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सर्वात वाईट. थंडीत समुद्रावरचा वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि धूळ-धूर तिथेच कोंडतो. श्रावणातही खोकला तसाच असेल तर कारण नुसतं बाहेरच्या हवेत शोधू नका. मात्र इथे एक पळवाट ठेवते. घराच्या भिंतींना ओल येत असेल, बुरशीचे काळे डाग असतील, तर पावसाळ्यातही दमा उसळतो.

चौथी गोष्ट आकड्यांची. पीक फ्लो मीटर नावाचं एक साधं प्लॅस्टिकचं नळकांडं मिळतं, काही शे रुपयांचं. त्यात जोरात फुंकायचं आणि काटा कुठे थांबला ते लिहायचं, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा. दम्यात श्वासनळ्या आवळतात, त्यामुळे हा आकडा दिवसभरात पंधरा-वीस टक्क्यांनी खाली-वर होतो. बाटली चुकल्याने नाक कितीही गळलं तरी सहसा हा काटा फारसा हलत नाही. फुंकर नीट घातली नाही तर आकडा फसवतो, म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांसमोर शिकून घ्या.

याशिवाय नुसत्या नजरेने दिसणाऱ्या खुणा आहेत. कमी उजेडातही बारीक बाहुल्या, नाक चोळत-खाजवत राहणं, जेवता जेवता डुलकी, बद्धकोष्ठ आणि सतत इसबगोल मागणं, गोड खाण्याची ओढ. एकटी एखादी खूण म्हणजे काही नाही. चार एकत्र दिसल्या तर लक्षात घ्या.

इथपर्यंतचं वाचून भावोजी म्हणतील, "बघा, मी म्हणत होतो." म्हणून आता दुसरी बाजू तेवढ्याच ठामपणे सांगते. गोवंडीच्या हवेने खोकला होतो, आणि तो खरा असतो. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत होता, आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या आठवड्यात माझ्या ओपीडीत उभं राहायला जागा नव्हती. आणि हे आजही मला टोचतं, की येणाऱ्यांपैकी अर्धे जण "ते झोप येणारं लाल औषध द्या" म्हणत होते. धुराने खोकला येतो, खोकल्याने झोप जाते, झोपेसाठी सिरप येतं. तुमच्या भाच्याचीही सुरुवात अशीच झाली असणं अगदी शक्य आहे.

हवेतले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, नाकातले केस आणि चिकटा यांना चुकवून फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तिथे सूज राहते, नळ्या हुळहुळ्या होतात, मग साध्या थंड हवेनेही ढास लागते. वर्षभराच्या सरासरीसाठी आपल्या देशाची मर्यादा आहे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली आहे ५. त्यामुळे मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा, 'समाधानकारक' दिसला म्हणून दम्याच्या माणसाला त्रास होणार नाही असं समजू नका. तो आकडा एका जागी उभ्या केलेल्या यंत्राचा असतो. तुमचा भाचा दिवसाचे दहा-बारा तास डंपरच्या धुराड्याच्या तोंडासमोर श्वास घेत असतो.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांना उंच पत्रे लावा, हिरवं कापड घाला, पाणी मारा असे नियम घातले. ते पाळले जातात तिथे फरक पडतो, हे मी माझ्या रुग्णांच्या वस्त्यांत पाहिलंय. नाही पाळले तर वॉर्ड ऑफिसात फोटोसह तक्रार करा. शेजाऱ्यांच्या सह्या असल्या तर हालचाल लवकर होते.

घरातली हवा तरी आपल्या हातात आहे. रात्रभर जळणारी डासांची कॉइल पहिल्यांदा बंद करा. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण शंभरेक सिगारेटींच्या तोडीचे असू शकतात, हे मोजून पाहिलेलं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, दार लावून, ती उशाशी जळत असते! मच्छरदाणी लावा. झाडू मारण्याआधी ओलं फडकं फिरवा. बाइकवर त्याने रुमाल बांधून उपयोग नाही, बारीक कण त्यातून आरपार जातात. नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो.

आणि कारण हवा असो की बाटली, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी. महापालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते. कोडीनने खोकला दबतो, त्यामुळे आत क्षय असला तरी "आता बरं आहे" असं वाटत राहतं, वजन हळूहळू उतरतं, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या लहान भावंडांना लागण होते. असे दोन रुग्ण माझ्या डोळ्यांसमोर आहेत. म्हणून ही तपासणी सोडून पुढचं काहीही मी करत नाही.

म्हणजे आतापर्यंत इतकं झालं: खोकला खरा असू शकतो, व्यसनही खरं असू शकतं, बहुतेक वेळा दोन्ही असतात. उपचारही दोन्हींचे एकदमच चालू करावे लागतात. नुसती बाटली काढून घेतली आणि खोकल्याला काही दिलं नाही, तर तो पहिल्या ढासेला पुन्हा मेडिकलवर जाईल. नुसता दम्याचा पंप दिला आणि बाटलीकडे डोळेझाक केली, तर पंप पडून राहील.

आता गावी नेऊन ठेवण्याबद्दल. ताई, हे करू नका, निदान या पद्धतीने तरी नको. तगड्या तरुणाचा कोडीन एकदम बंद केल्याने सहसा जीव जात नाही हे खरं. पण जुलाब-उलट्यांनी तो पार गळून जातो, आणि त्या बाटल्यांबरोबर गोळ्याही चालू असतील तर गोष्ट वेगळी. मुंबईत ज्याला 'बटण' म्हणतात, मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात, त्या झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या अचानक थांबवल्या की झटके येतात, त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून बटण घेतोस का, ट्रामाडॉल (अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी) घेतोस का, दारू किती, हे शांतपणे विचारायलाच हवं.

दुसरा धोका परत आल्यानंतरचा आहे, आणि घरच्यांना तो माहीतच नसतो. महिनाभर औषध बंद राहिलं की शरीराची सोसण्याची ताकद उतरते. मुलगा मुंबईला येतो, जुन्या मित्रांत बसतो, आणि सवयीने पूर्वीच्याच मापाने घेतो. आधी जी मात्रा त्याला पचायची तीच आता श्वास थांबवते. सुटलं सुटलं म्हणून पेढे वाटलेल्या घरातच हे घडतं.

त्याऐवजी जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी गाठा. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे ती आहे. तिथे काय देतील हे त्याच्या मात्रेवर आणि किती वर्षं चालू आहे त्यावर ठरेल. काहींना पहिला आठवडा सुसह्य व्हावा म्हणून थोड्या दिवसांची औषधं पुरतात. काहींना तलफ आणि त्रास दाबणारी ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोनची गोळी देतात. ती जिभेखाली विरघळवायची असते, आणि त्रास सुरू झाल्यावरच पहिली गोळी द्यायची असते. बाटली पोटात असताना दिली तर उलट त्रास उसळतो. "एक नशा सोडवायला दुसरी नशा" असं नातेवाईक म्हणतात. मला ते पटत नाही. ठरलेल्या वेळी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या गोळीवर मुलं कामावर जातात, जेवतात, झोपतात. किती महिने घ्यायची हे प्रत्येकाचं वेगळं. घाईने बंद करणाऱ्यांपैकी बरेच परत फिरलेले मी पाहिलेत.

राहून उपचार घ्यायचे असतील तर केंद्र बघून निवडा. महाराष्ट्रात या कामाची चांगली परंपरा आहे. ऐंशीच्या दशकात गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची लाट आली तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, आणि माराशिवाय, कुलपाशिवाय, माणसाला माणूस म्हणून वागवत व्यसन सोडवता येतं हे दाखवून दिलं. याच्या उलट, "पत्ता द्या, आम्ही घरून उचलून नेतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजार येतात, आणि त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. केंद्राची नोंदणी बघायला मागा. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानस १४४१६. दोन्हींवर तुम्ही स्वतःही फोन करू शकता, मुलगा तयार नसला तरी.

पोलिसांची भीती तुम्ही लिहिली नाही, पण ती असणार. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. विकणाऱ्याला ही सवलत नाही. तो मित्रांना बाटल्या पुरवत असेल तर ते आत्ताच थांबलं पाहिजे.

तुम्ही असंही विचारलंय की मेडिकलवाले हे देतातच कसे. नियम आहेत. २०१४ च्या मार्चपासून कोडीन 'एच-१' या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. शिवाय २०२३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने क्लोरफेनिरामाइन-कोडीनच्या सिरपसह १४ मिश्र औषधांवर बंदी आणली. बंदी योग्यच होती असं माझं मत आहे. जुन्या खोकल्यावर त्या सिरपचा फायदा तसाही बेताचा. पण ज्याला आधीच सवय लागलीय त्याच्यासाठी बंदीच्या दिवशी उपचाराचं दार उघडलं नाही, तर तो लेबल नसलेली बाटली शोधतो. तिच्यात काय आहे हे पिणाऱ्याला कळत नाही, आणि मलाही तपासून सांगता येत नाही. २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे २.२६ कोटी लोक अफूच्या जातीचे पदार्थ घेत होते, आणि त्यांत सिरप-गोळ्यांसारखी औषधं घेणाऱ्यांचं प्रमाण हेरॉइन घेणाऱ्यांच्या फार मागे नव्हतं. माझ्या ओपीडीत तर सिरपवालेच जास्त, कारण ते खोकल्यासाठी छातीच्या डॉक्टरकडे येतात.

खोकल्याचं काय द्यायचं? दमा निघाला तर स्टेरॉइडचा पंप, स्पेसर (पंपाला जोडायचं नळकांडं) लावून, रोज. त्याची सवय लागत नाही, हे त्याच्या आईला मुद्दाम सांगा, कारण पंपाला आयाच जास्त घाबरतात. नाकाची ॲलर्जी असेल तर नाकातला फवारा. पित्त वर येऊन खोकला असेल तर रात्रीचं जेवण आणि झोप यांत अंतर. रात्री एकला जेवून लगेच आडवं होणाऱ्या मुलांत हे नेहमी सापडतं. बिडी-सिगारेट चालू असेल तर यातलं काहीच पूर्ण लागू पडणार नाही.

त्याच्याशी बोलायला तुम्हीच योग्य आहात असं मला वाटतं. त्याने उत्तर तुम्हाला दिलं, "मावशी" म्हणून. गर्दुल्ला, नशेडी हे शब्द घरात कुणीही वापरू नयेत, रागातसुद्धा. कामावरून दमून आल्यावर किंवा बाटली चुकून अंगात कळा असताना विषय काढू नका. "तुझा खोकला मला खरा वाटतो, म्हणूनच छातीच्या डॉक्टरकडे जाऊ, आणि किती बाटल्या लागतात ते तिथे खरं सांग, कुणी ओरडणार नाही," एवढं पुरतं. भावोजींना ओपीडीत बरोबर न्या, पण पहिल्या भेटीत बाहेर बसवा. उपचार सुरू होईपर्यंत बाइक कुणीतरी दुसऱ्याने चालवावी. रोजगार बुडेल हे मला कळतं, तरी हे मी सोडून देऊ शकत नाही.

एक प्रसंग आधीच समजून ठेवा. तो हाक मारून उठत नसेल, घोरण्यासारखा घरघर आवाज येत असेल, श्वास फार सावकाश पडत असेल, ओठ निळसर झाले असतील, तर झोपू द्या असं म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, आणि येणाऱ्या डॉक्टरला कोडीन घेतो हे स्पष्ट सांगा. त्यावर नॅलॉक्सोन हा उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. घरात लहान मुलं असतील तर उरलेली भरलेली बाटली त्यांच्या हाती लागणार नाही असं बघा. १२ वर्षांखालच्या मुलाला कोडीन देऊच नये असं आम्ही मानतो. काहींच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं, आणि ते कुणाच्या हे आधी ओळखता येत नाही.

आणि त्या ३१ बाटल्या रागाच्या भरात कचऱ्यात टाकू नका. पिशवीत भरून ओपीडीत बरोबर न्या. लेबलावरची नावं, बाटलीचं माप आणि किती दिवसांत किती संपल्या यावरून डॉक्टर पहिल्या गोळीची मात्रा ठरवतील, आणि त्यालाही आकडा तोंडाने सांगावा लागणार नाही.